मगदूम आप्पांचा कबुलीजबाब

निपाणीच्या कोर्टात माझी उभी हयात गेली. केलेला गुन्हा नाकारणारे अशील तर रोजचेच. पोलिसांच्या धाकानं न केलेलं कबूल करणारेही दोघे-तिघे भेटले. पण आपला गुन्हा कुणीतरी आपल्या पदरात घालावा म्हणून गावभर वणवण करणारा, आणि कुणीच घालत नाही म्हणून रडकुंडीला आलेला माणूस मी एकच पाहिला. ते आमचे मगदूम आप्पा. त्यांच्यावर कधी खटला झाला नाही, साधी तक्रारसुद्धा झाली नाही. तेच तर त्यांचं दुखणं होतं.

आप्पा जाऊन आता दोन वर्षं होतील. गावाला ते दुर्बीणवाले आप्पा म्हणून आठवतात आणि लगेच कुणीतरी त्या डोळ्याची गोष्ट काढतं. ती नेहमी अर्धीमुर्धी सांगितली जाते, म्हणून मी पुरी लिहून ठेवतो आहे. मी यात कुणाची बाजू घेणार नाही असं म्हणणार होतो, पण ते मला जमायचं नाही.

हमरस्त्याला लागून आप्पांचा वजनकाटा होता. तंबाखूचे, गुळाचे, उसाचे ट्रक काट्यावर चढायचे आणि आप्पा केबिनीच्या खिडकीतून आकडा वाचून चिठ्ठी फाडायचे. रोज सकाळी पहिली गाडी घेण्याआधी ते ठरावीक वजनं ठेवून काटा तपासायचे. तो जराही इकडेतिकडे वाटला की गाड्यांची रांग थांबली म्हणून समजा. ड्रायव्हर शिव्या घालायचे. आप्पा खिडकीतून नुसता हात वर करून थांबा म्हणायचे. बोलणं मुळातच कमी. आईशी कानडी, बायकोशी मराठी, ड्रायव्हरांशी मोडकीतोडकी हिंदी, आणि आभाळाचा विषय निघाला की तिन्ही एकदम.

दुर्बीण त्यांनी स्वतः केली होती. सहा इंची आरशाची काच केबिनीमागच्या खोलीत दोन हिवाळे घासत बसले होते. सुनंदावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या की लग्नानंतर कितीतरी दिवस त्यांना वाटत होतं, नवरा मागं बसून चंदन उगाळतो. पुढं पत्र्याचं नळकांडं आलं, त्यात आरसा बसला, आणि नळकांड्याच्या पाठीवर एक वीतभर लांबीची छोटी दुर्बीण बसली. मोठीतून आभाळाचा अगदी लहान तुकडा दिसतो, म्हणून आधी छोटीतून तारा हुडकायचा आणि मग मोठीला डोळा लावायचा, अशी ती जोडी.

दिवेलागणीला दुर्बीण काट्याशेजारी उभी राहायची. वजन होईतो ड्रायव्हर-क्लीनरला खाली उतरवायचं आणि काहीतरी दाखवायचं, हा आप्पांचा नेम. त्यांचा एक ठरलेला शब्द होता, “आधी बघा, मग बोला.” एकदा तमिळनाडूकडचा एक ड्रायव्हर शनीकडं बघायलाच तयार होईना. त्याला साडेसाती चालू होती. जो माझ्या मागं लागलाय त्याला मी होऊन कशाला तोंड दाखवू, असं त्याचं म्हणणं. आप्पांनी त्याला समजावलं, मागं लागलाच आहे तर निदान चेहरा ओळखून ठेव. गड्यानं डोळा लावला आणि मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवेपर्यंत काढला नाही. पुढं कित्येक वर्षं तो या रस्त्यानं जाताना काट्यासमोर हॉर्न देऊन जायचा.

त्यांच्या जैन गल्लीत आप्पांचा शब्द प्रमाण होता तो आणखी एका कारणानं. चातुर्मासात तिथली घरं सूर्यास्ताआधी जेवतात. पंचांगातला सूर्यास्त लांबच्या शहराचा, म्हणून आप्पा खास निपाणीचा काढायचे आणि चार महिन्यांचा तक्ता हातानं लिहून बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, भिंतीवर लावायचे. एका वर्षी एका दिवसाच्या आकड्यात त्यांची दोन मिनिटांची चूक झाली. ती त्यांची त्यांनाच चार दिवसांनी सापडली, दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आप्पा घरोघर गेले, माझ्यामुळं तुमचा नेम मोडला म्हणून हात जोडले आणि स्वतः एक दिवस उपाशी राहिले. लोक हसले. मीही हसलो होतो. दोन मिनिटांची चूक ज्याला स्वस्थ बसू देत नाही, त्याच्या हातून मोठी चूक झाली तर काय होईल, हा विचार तेव्हा कुणाला सुचणार?

आता ग्रहणाचं सांगतो. आप्पांची थोरली बहीण सातव्या महिन्यात असताना ऐन उन्हाळ्यात ग्रहण आलं. तिला खोलीत कोंडून पाण्याचा थेंब दिला नाही. ती घेरी येऊन पडली आणि मूल गेलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही. पण काट्यामागच्या गल्लीत ग्रहणाच्या दिवशी दारं बंद व्हायला लागली की त्यांच्या कपाळाची शीर उडायची.

ती गल्ली विड्या वळणाऱ्या बायकांची. एरवी उंबऱ्या-उंबऱ्यावर सुपं मांडीवर घेऊन बायका बसलेल्या असतात, कात्रीनं पानं कापतात, तंबाखू भरतात, दोरा बांधतात. ग्रहणात कात्री चालवायची नाही, म्हणून सगळं बंद. पोटुशी पोर असली तर तिनं कडसुद्धा बदलायची नाही. आप्पा दर ग्रहणाला भडंगाची परात घेऊन गल्लीच्या मधोमध बसायचे आणि सगळ्यांच्या देखत खायचे. पहिली काही ग्रहणं त्यांच्यासोबत कुत्री आणि मी, एवढेच असायचो. भडंग चांगलं असायचं, म्हणून मी जायचो. हळूहळू पोरं आली, मग बाप्ये, मग एक-दोन सुना. ग्रहण बघायचे काळे चष्मे हातोहात फिरायला लागले.

शेवंताआक्का मात्र येत नव्हती. साठीची विधवा बाई, हात इतका चालायचा की बघणाऱ्याला दोरा दिसायचा नाही. तिनं दार लावलं की गल्ली दार लावायची. आप्पा वर्षानुवर्षं तिच्या मागं होते. ती हसून म्हणायची, “आप्पा, तुमी शिकल्यालं मानूस. तुमास्नी गिराण काय करतंय? करंल ते आमास्नी.” गिराण म्हणजे ग्रहण. आप्पा पुढच्या ग्रहणाला पुन्हा तिच्या दाराशी जायचे.

कोरोनाच्या आदल्या डिसेंबरात, सकाळच्या ग्रहणाला आक्का आली. स्वतःहून आली, मागं गल्लीतल्या सात-आठ जणी घेऊन. शाळेच्या मैदानावर दुर्बीण मांडली होती आणि आप्पांचा चेहरा असा उजळला होता की मी त्यांना चिडवलं, आज घरात लग्न आहे काय? वहिनींनी त्यांना नवा इस्त्रीचा सदरा घालून पाठवलं होतं.

सूर्य बघायचा तर मोठ्या दुर्बिणीच्या तोंडावर काळ्या पापुद्र्याचं झाकण बसवावं लागतं. ते आप्पांनी बसवलं होतं. छोटीवर नुसतं रबरी टोपण घालायचं, म्हणजे चुकूनही तिच्यातून कुणी बघू नये. आदल्या संध्याकाळी त्यांनी ड्रायव्हरांना शुक्र दाखवला होता. तेव्हा छोटीचं टोपण काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं होतं. तो सदरा घरी धुण्यात पडला होता आणि आप्पा नव्या सदऱ्यात मैदानावर उभे होते.

आक्का बुटकी. तिच्यासाठी स्टूल आणलं. आप्पांनी तिला सांगितलं की गडबड करू नको, निवांत बघ, कायसुद्धा होत नाही. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी काही विचारलं म्हणून ते वळले. डोळा लावायच्या दोन जागा शेजारीशेजारी होत्या. आक्कानं छोटीला डोळा लावला. आप्पांनी निवांत बघ म्हटलं होतं, म्हणून लख्ख उजेड टोचला तरी ती हलली नाही.

“आप्पा, लई पेटल्यागत दिसतंय की,” ती म्हणाली.

आप्पा वळले आणि त्यांनी तिला स्टुलावरून अक्षरशः ओढून खाली घेतलं. ती काही क्षणच बघत असेल. तेवढ्यानं काम झालं होतं. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध जळलाय, तो भाग परत यायचा नाही. पुढं आप्पांनी तिला मिरजेला नेलं, कोल्हापूरला नेलं. सगळीकडं तेच ऐकायला मिळालं. त्या डोळ्यानं समोरच्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, तोंडाच्या जागी काळा डाग.

आप्पा ग्रहणाच्याच दिवशी माझ्याकडं आले होते. पायरीवर बसले आणि म्हणाले, लिहून घ्या, टोपण माझ्या खिशात राहिलं. मी वकिलासारखा वागलो. कुणी काही विचारलेलं नाही, तुम्ही तोंड उघडायचं नाही, उपचाराचं बघा आणि गप्प बसा, असं बजावलं. आज लिहिताना त्या सल्ल्याची लाज वाटते. त्यांनी तो मानला नाही, हा भाग वेगळा.

ते थेट आक्काकडं गेले आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि उलट त्यांचीच समजूत काढली. “तुमची काय चूक न्हाय, आप्पा. गिराण हुतं. मीच भाईर पडाय नको हुतं.”

झालं. आप्पांच्या जिवाला घोर लागला तो इथून. शिव्या घातल्या असत्या, काट्यावर येऊन दगड मारले असते, तर त्यांनी ते निमूट सोसलं असतं. पण गल्लीनं त्यांना माफ केलं होतं, आणि ते अशा कारणानं की ते मान्य करणं त्यांना मरणाहून कठीण होतं. सणाला आक्काच्या घरून करंज्या यायच्या. एका डोळ्यावर केलेल्या करंज्या. आप्पा तो डबा समोर ठेवून बसायचे. वहिनींना सांगायचे, हे मी कसं खाऊ?

ते प्रत्येकाला टोपणाची गोष्ट सांगू लागले. काट्यावर, बस्तीत, चहाच्या गाड्यावर. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, आप्पांचा स्वभावच तसा, बाईच्या दैवाचा दोष आपल्यावर ओढून घेतात. जितकं सांगावं तितके ते थोर ठरायचे. मी त्यांना म्हटलं, आता पुरे करा. ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. म्हणाले, वकीलसाहेब, मला थोर नका म्हणू, मला चूक म्हणा.

त्यात एके दिवशी विजापूरकडचा एक ड्रायव्हर काट्यावर आला. वजन होईतो गप्पा मारताना त्यानं कानडीत आप्पांनाच गोष्ट सांगितली. म्हणे, इथं निपाणीत कुणा वेड्याच्या नादानं एक बाई ग्रहणात बाहेर पडली आणि ग्रहणानं तिचा डोळा खाल्ला. म्हणून येत्या ग्रहणाला त्यानं आपल्या पोटुशा बायकोला दोन दिवस आधीच खोलीत बसवायचं ठरवलं होतं. आप्पांनी चिठ्ठी फाडून दिली. मग केबिनीचं दार लावून घेतलं आणि दुपारभर गाड्या तशाच उभ्या राहिल्या. वहिनींनी मला बोलावलं. मी आत गेलो तेव्हा ते जमिनीवर बसले होते. सगळी हयात घालून ग्रहणाची भीती घालवायला निघालो आणि तिला डोळ्याचा पुरावा देऊन बसलो, असं काहीतरी पुटपुटत होते. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

जूनमधलं पुढचं ग्रहण ढगांत आणि कोरोनाच्या घरबंदीत गेलं. त्यानंतर कधीतरी, माणसं परत एकमेकांकडं जायला लागल्यावर, एका भर दुपारी आप्पा मला साक्षीदार म्हणून घेऊन आक्काच्या दारात गेले. हातात ती छोटी दुर्बीण. मला काय करणार ते सांगितलं नव्हतं, नाहीतर मी अडवलं असतं.

आक्का उंबऱ्यावर विड्या वळत होती. मान वाकडी करून डाव्या डोळ्यानं बघायची तिला सवय लागली होती. आप्पांनी तिच्या सुपातलं वाळकं, टाकाऊ पान मागून घेतलं. दुर्बीण सूर्याकडं केली आणि जिथं डोळा लावतात तिथं जरा मागं ते पान धरलं. पानावर एक लहानसा झगझगीत ठिपका पडला. थोड्याच वेळात धूर निघाला आणि पानाला भोक पडलं.

“आज गिराण न्हाय, आक्का,” आप्पा म्हणाले.

तिनं पान हातात घेतलं, भोकातून बोट घालून बघितलं.

“म्हंजी त्या दिशी गिराण नसतं तरी बी डोळा गेला असता?”

“व्हय.”

“आनि टोपण घातलं असतं तर?”

“न्हाय गेला असता.”

“मग गिराणानं न्हाय नेला.” ती सावकाश म्हणाली. “तुमी घालवलासा.”

“व्हय आक्का. मी.”

तिनं पान सुपात ठेवलं. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात रिकामे ठेवून बसलेलं पाहिलं. मग ती म्हणाली, “जावा आता.” आप्पा उठले. गल्लीच्या तोंडापासून मी त्यांना धरून नेलं. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. माणसाला हवं ते मिळाल्यावर तो इतका मोडलेला मी पाहिला नाही.

करंज्या बंद झाल्या. आक्कानं गल्लीत सांगितलं, गिराण-बिराण काही नाही, मगदूम आप्पानं माझा डोळा जाळला. तिचा शब्द तो, गल्लीनं मानला. बायका काट्यापुढून जाताना पदर तोंडावर घ्यायला लागल्या. शाळेनं मैदान देणं बंद केलं. कुणा क्लीनरला चंद्र दाखवायला बोलावलं तर ड्रायव्हर त्याला मागं ओढायचा. आप्पा म्हणायचे, बरोबर आहे त्यांचं. पण संध्याकाळी दुर्बीण बाहेर काढून पुसायचे आणि कुणी येत नाही असं बघून परत आत ठेवायचे. मला ते बघवत नसे, म्हणून मी त्या वेळेला तिकडून जाणं टाळत असे. मित्राला एवढंही जमू नये, याची आज लाज वाटते.

नंतर ते दिवाळीतलं ग्रहण आलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, अगदी सूर्य मावळताना. पाडवा एक दिवस पुढं गेला होता आणि फराळाच्या डब्यांवर लोकांनी तुळशीची पानं ठेवली होती. आप्पांनी दुर्बीण काढली नाही. दुपार कलल्यावर माझ्याकडं आले आणि म्हणाले, गल्लीतून एक चक्कर मारू, दारं बघायची आहेत.

आम्ही पूर्वेच्या टोकानं गल्लीत शिरलो. दारं बंद होती. एकामागून एक बंद. आप्पा प्रत्येक दाराशी पाऊल हळू करायचे. मला वाटलं, हा माणूस आता इथंच खाली बसणार. तेवढ्यात कात्रीचा आवाज आला.

शेवंताआक्का उंबऱ्यावर बसली होती. सूप मांडीवर, कात्री हातात, पश्चिमेला तोंड करून. ग्रहण लागलेलं, आणि ती भर रस्त्यावर पानं कापत होती. तिच्या मागं तिची सून दारात उभी होती, तिचं पोट दिसत होतं, आणि ती तांब्यानं घटाघटा पाणी पीत होती.

आप्पा थबकले. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं. आक्कानं आम्हाला पाहिलं, आप्पांना ओळखलं, आणि मान फिरवून परत कात्री चालवायला लागली. आप्पा रडत होते. त्यांचं तोंड बघून मला कळेना, हे सुख की दुःख. बहुधा त्यांनाही कळत नसावं.

मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. सूर्य गल्लीच्या तोंडाशी खाली आला होता, आक्काच्या बरोबर समोर. ती पान कापून डोळा वर करायची तेव्हा थेट तिकडंच बघत होती. आणि आता डोळा एकच होता.

“तिला सांगा, तिकडं बघू नगं,” ते माझ्या कानाशी म्हणाले. “माझं न्हाय आयकायची ती. मी सांगितलं म्हणू नगासा.”

मी गेलो. आक्काला म्हटलं, सूर्य समोर आहे, जरा तोंड फिरवून बस. तिनं विचारलं, त्यांनी धाडलं न्हवं? मी नाही म्हणालो. वकिलाला खोटं बोलता येतं असा लोकांचा समज आहे. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं, आणि तशीच पश्चिमेला तोंड करून बसून राहिली.

मी वळून बघितलं तर आप्पा मागं नव्हते. ते आम्हाला ओलांडून पुढं गेले होते आणि आक्काच्या दारापासून दहाएक पावलांवर, रस्त्याच्या मधोमध, सूर्याकडं पाठ करून उभे होते. त्यांची लांब सावली गल्लीतून सरकत तिच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. सूर्य जरा खाली-बाजूला सरकला की तेही एक पाऊल सरकायचे. सावली बरोबर आक्काच्या तोंडावर पडेल असं बघायचे.

आक्कानं मान वर केली नाही. जागाही बदलली नाही. ती त्या सावलीत पानं कापत राहिली, आणि सूर्य बुडेपर्यंत आप्पा तिथून हलले नाहीत.